बारावीचं अर्थशास्त्र: व्याख्या पाठ असूनही गुण कुठे जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीत कला किंवा वाणिज्य शाखा घेतली आणि अर्थशास्त्र पहिल्यांदाच स्वतंत्र विषय म्हणून समोर आलं. व्याख्या पाठ आहेत, मुद्दे पाठ आहेत, तरी आकृत्या उलट्या निघतात, 'सहमत आहात काय' या प्रश्नात अर्धेच गुण पडतात आणि गणित आलं की हात थांबतो. मग अभ्यास कसा करायचा?

बारावीच्या पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि ती सगळी सारखी अवघड नाहीत. बाजाराचे प्रकार, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार, विदेशी व्यापार ही प्रकरणं नीट वाचली, मुद्दे काढले की निभतात. गुण गळतात ते मागणी, लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते याचं माप), निर्देशांक (किमती एकंदरीत किती बदलल्या ते सांगणारा आकडा) आणि राष्ट्रीय उत्पन्न या चार जागी. या चार ठिकाणी पाठांतर उपयोगी पडत नाही, कारण तिथे 'काय स्थिर धरलं आहे आणि काय बदललं आहे' हे प्रत्येक वेळी नव्याने ओळखावं लागतं. वेळ तिथे घालवा.

सुरुवात उपयोगितेपासून (वस्तू वापरून मिळणारं समाधान) करा, कारण आकृत्यांचा हात तिथेच बसतो. एक तक्ता स्वतः बनवा: एका बैठकीत खाल्लेले सहा आंबे, सीमांत उपयोगिता (प्रत्येक जादा नगातून मिळणारी उपयोगिता) अनुक्रमे १०, ८, ५, २, ०, उणे २. त्यावरून एकूण उपयोगिता काढा: १०, १८, २३, २५, २५, २३. एकूण उपयोगिता वाढते, पण तिचा वाढण्याचा वेग कमी होत जातो. पाचव्या नगाला सीमांत उपयोगिता शून्य होते आणि एकूण उपयोगिता महत्तम असते. सहाव्याला सीमांत उणे होते आणि एकूण घटू लागते. आता हाच तक्ता आलेख कागदावर काढा. सीमांत उपयोगितेचा वक्र पाचव्या नगाशी क्ष अक्षाला टेकला पाहिजे आणि सहाव्याला अक्षाच्या खाली गेला पाहिजे. बरेच जण तो अक्षावरच थांबवतात आणि 'ऋण उपयोगिता' फक्त शब्दांत लिहितात. आकृतीत ती दिसली नाही तर आकृती अपुरीच.

हाच घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. त्याचे अपवाद म्हणून कंजूष माणूस, व्यसनी, छंदिष्ट, पैसा अशी यादी येते. ती गृहीतकांच्या शेजारी मांडून वाचा. मद्यप्यामध्ये विवेकशीलतेचं गृहीतक मोडतं. छंदिष्टाकडे येणारं प्रत्येक तिकीट किंवा नाणं वेगळं असतं, म्हणजे एकजिनसीपणा मोडतो. असं पाहिलं की यादी वेगळी पाठ करावी लागत नाही, आणि 'हे अपवाद खरे अपवाद का नाहीत' याचं उत्तरही आपोआप तयार होतं.

आता मागणी. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल हा फरक तोंडपाठ असतो, पण उदाहरण आलं की कोणता लावायचा ते कळत नाही. एकच कसोटी लावा: त्या वस्तूची स्वतःची किंमत बदलली आहे का? बदलली असेल आणि बाकी सगळं स्थिर असेल, तर आपण त्याच वक्रावर वर किंवा खाली सरकतो. किंमत उतरली की विस्तार, चढली की संकोच. स्वतःची किंमत तीच असेल आणि उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत, लोकसंख्या यांपैकी काही बदललं असेल, तर पूर्ण वक्रच जागा सोडतो: उजवीकडे गेला तर वृद्धी, डावीकडे गेला तर ऱ्हास.

उदाहरण घ्या. हापूस ८०० रुपये डझन असताना एक घर २ डझन घेतं. भाव ६०० झाला, घराने ३ डझन घेतले: हा विस्तार. आता भाव ८०० वरच राहिला, पण घरात पगारवाढ झाली आणि तेव्हाही ३ डझन घेतले: ही वृद्धी. दोन्हीकडे नग दोनाचे तीन झाले. पहिल्या आकृतीत एक वक्र आणि त्यावर दोन बिंदू, दुसऱ्या आकृतीत एकच किंमत आणि दोन वक्र. या दोन आकृत्या एकाच पानावर शेजारी शेजारी काढून ठेवा.

पुढची पायरी जरा नेटाने समजून घ्या, कारण हुशार मुलंही इथे घसरतात. दसऱ्याला झेंडूचा भाव वाढतो आणि तरीही झेंडू नेहमीपेक्षा जास्त खपतो. मग हा मागणीच्या सिद्धांताला अपवाद आहे का? अनेक उत्तरपत्रिकांत तो अपवाद म्हणून लिहिलेला असतो, आणि ते चूक आहे. सणामुळे प्रत्येक किमतीला लागणारी फुलं वाढली, म्हणजे वक्र उजवीकडे सरकला, आणि त्या सरकण्यामुळे भाव चढला. 'इतर परिस्थिती स्थिर असताना' ही सिद्धांताची अटच इथे पूर्ण होत नाही, त्यामुळे सिद्धांत मोडण्याचा प्रश्न येत नाही. त्याच दसऱ्याला भाव आणखी दुप्पट झाला असता तर खप कमी झाला असता, हे सिद्धांताचं म्हणणं तसंच उभं राहतं. वर्तमानपत्रात 'मागणी वाढल्याने भाव वाढले' असं छापून येतं तेव्हा तिथे 'मागणी' म्हणजे अख्खा वक्र असतो. 'भाव वाढल्याने मागणी घटली' असं येतं तेव्हा तिथे फक्त मागणी केलेले नग असतात. हे वेगळं ठेवलं नाही तर भाव वाढला, मागणी घटली, म्हणून भाव उतरला, म्हणून मागणी वाढली अशा चक्रात उत्तर गोल गोल फिरत राहतं.

खरे अपवाद म्हणजे गिफेन वस्तू (किंमत वाढली की ज्यांची मागणीही वाढते), प्रतिष्ठेच्या वस्तू आणि जास्त किंमत म्हणजे जास्त दर्जा असा भ्रम. गिफेन वस्तूबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक गिफेन वस्तू निकृष्ट (उत्पन्न वाढलं की जिची मागणी घटते अशी) असते, पण प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन नसते. रिकाम्या जागा आणि 'विधाने व तर्क' अशा प्रश्नांत हा फरक उपयोगी पडतो.

आकृतीबद्दल आणखी एक. गणितात कारण असलेलं चल क्ष अक्षावर घेतात, म्हणून गणित चांगलं असलेली मुलं किंमत आडव्या अक्षावर टाकतात. मार्शल या अर्थशास्त्रज्ञापासून अर्थशास्त्रात किंमत उभ्या य अक्षावर आणि नग आडव्या क्ष अक्षावर घेण्याची रीत पडली आहे. तर्काने पाहिलं तर ती उलटी वाटते खरी, पण पेपरात तीच पाळायची. पेन्सिल, पट्टी, दोन्ही अक्षांना नावं, आरंभबिंदूला शून्य, वक्राला नाव, सरकण्याची दिशा दाखवणारा बाण आणि खाली आकृतीचं शीर्षक. बाण राहून जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि विस्तार-संकोचाच्या आकृतीत बाणाशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

लवचिकतेत आधी हिशेब करा, प्रकारांची नावं नंतर पाठ करा. किंमत २० वरून १८ झाली, म्हणजे १० टक्के घट. मागणी १०० वरून १२० झाली, म्हणजे २० टक्के वाढ. २० भागिले १०, लवचिकता २, म्हणजे जास्त लवचिक मागणी. एकूण खर्च पद्धतीने तपासा: आधी २० × १०० = २,०००, नंतर १८ × १२० = २,१६०. किंमत उतरली आणि खर्च वाढला, म्हणजे उत्तर जुळलं. दुसरं उदाहरण: मागणी १०० वरून १०५ झाली. लवचिकता ०.५, खर्च १,८९०. किंमत उतरली आणि खर्चही उतरला, म्हणजे कमी लवचिक.

आता गंमत पाहा. मागणी बरोबर १० टक्क्यांनी वाढून ११० झाली, तर शेकडेवारी पद्धतीने लवचिकता १ येते. एकक लवचिक असेल तर एकूण खर्च तेवढाच राहायला हवा. पण १८ × ११० = १,९८०! चौकस विद्यार्थी इथे अडतो आणि त्याला वाटतं, आपलंच कुठेतरी चुकलं. चूक हिशेबाची नाही. शेकडेवारी आपण मूळ आकड्यावर काढतो, आणि बदल मोठा असला की उतरती आणि चढती टक्केवारी एकमेकांना पूर्ण फेडत नाहीत. खर्च २,००० च ठेवायला नग १११.११ लागतात. दोन्ही टक्केवाऱ्या सरासरी किमतीवर (१९) आणि सरासरी नगांवर (१०५.५५) काढल्या तर दोन्ही १०.५३ टक्के येतात आणि लवचिकता बरोबर १ निघते. बोर्डाच्या पेपरात सरासरी पद्धत वापरू नका, विचारलेल्या पद्धतीचं सूत्रच लिहा.

बिंदू पद्धतीत सूत्र लक्षात राहत नाही अशी तक्रार असते. मागणी रेषेचा त्या बिंदूखालचा भाग भागिले वरचा भाग, एवढंच. दोन्ही अक्षांना टेकणारी ८ सेंटीमीटरची सरळ मागणी रेषा काढा. खाली ६ आणि वर २ सेंटीमीटर उरतील अशा बिंदूला लवचिकता ३, मध्यावर १, आणि खाली २ व वर ६ असेल तिथे ०.३३. रेषा एकच, उतार सगळीकडे सारखा, तरी लवचिकता प्रत्येक बिंदूला वेगळी. 'सरळ रेषेवर लवचिकता सर्वत्र सारखी असते' असं विधान आलं तर याच तीन आकड्यांनी ते खोडा. मीठ किंवा औषध यांची मागणी 'संपूर्ण अलवचिक' आहे असंही सरसकट लिहू नका. ती कमी लवचिक आहे. संपूर्ण अलवचिक म्हणजे किंमत कितीही बदलली तरी एक नगही इकडेतिकडे न होणं, म्हणजे उभी सरळ रेषा.

पुरवठ्याच्या प्रकरणात साठा आणि पुरवठा हा फरक कांद्यावरून एकदा समजला की विसरत नाही. उन्हाळी कांदा काढून शेतकरी चाळीत ठेवतो. चाळीत १०० क्विंटल आहे, हा साठा. बाजार समितीत क्विंटलला १,२०० भाव असताना तो त्यातला २० क्विंटलच आणतो, तेव्हा पुरवठा २०. भाव २,००० झाला आणि ६० क्विंटल आणला, तर पुरवठा ६०. पुरवठा फार तर साठ्याएवढा होईल, त्याहून जास्त नाही. दूध, पालेभाजी अशा नाशवंत मालात मात्र साठा आणि पुरवठा जवळपास सारखेच, कारण माल धरून ठेवताच येत नाही. खर्चाच्या संकल्पनांचा एक छोटा तक्ता करा (एकूण, सरासरी, सीमांत) आणि पुढे जा. तिथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही. बाजारात फक्त 'मक्तेदारी' आणि 'मक्तेदारीयुक्त स्पर्धा' यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिलीत एकच विक्रेता असतो आणि जवळचा पर्याय नसतो. दुसरी चेंबरलिन या अर्थशास्त्रज्ञाने मांडली, तिच्यात साबण-टूथपेस्टच्या बाजारासारखे अनेक विक्रेते आणि वस्तूभेद (प्रत्येकाचा माल थोडा वेगळा) असतो.

निर्देशांकाचं गणित वाणिज्यच्या मुलांना सोपं वाटतं, कलेच्या मुलांना त्याची धडकी भरते. खरं तर हे सगळ्यात भरवशाचे गुण आहेत. तीन वस्तू घ्या. गहू: आधारभूत (तुलनेसाठी धरलेल्या जुन्या) वर्षी किंमत २० व नग १०, चालू वर्षी किंमत ३० व नग ८. तेल: १०० व ४, नंतर १२० व ४. साखर: ४० व ५, नंतर ४४ व ६.

लासपेअरच्या सूत्रात आधारभूत वर्षाचे नग भार (वजन) म्हणून घेतात. चालू किंमत गुणिले जुने नग, म्हणजे मुलांच्या भाषेत 'पी वन क्यू झीरो': ३०० + ४८० + २२० = १,०००. जुनी किंमत गुणिले जुने नग: २०० + ४०० + २०० = ८००. भागून १०० ने गुणलं की १२५. पाश्चेच्या सूत्रात चालू वर्षाचे नग घेतात: वर २४० + ४८० + २६४ = ९८४, खाली १६० + ४०० + २४० = ८००, उत्तर १२३. दोन्हींत फरक का पडला तेही एका ओळीत लिहा: गहू दीडपट महागला तेव्हा लोकांनी तो कमी घेतला, त्यामुळे चालू वर्षाच्या भारात महागलेल्या वस्तूचं वजन घटलं.

साधा निर्देशांक मात्र नुसती किमतींची बेरीज करतो: १९४ भागिले १६०, म्हणजे १२१.२५. आता गव्हाची किंमत किलोऐवजी क्विंटलने लिहा, २,००० आणि ३,०००. बेरजा ३,१६४ आणि २,१४० होतात आणि निर्देशांक एकदम १४७.८५ वर जातो. बाजारात काहीच बदललं नाही, फक्त माप बदललं. साध्या निर्देशांकाच्या मर्यादा विचारल्या तर हे उदाहरण पाठ केलेल्या चार मुद्द्यांपेक्षा जड पडतं.

नेहमीच्या चुका तीन. सूत्रात शेवटी १०० ने गुणायचं राहतं. पाश्चेच्या छेदात जुने नग घेतले जातात. आणि उत्तराचा अर्थ चुकतो: १२५ म्हणजे किमती १२५ टक्के वाढल्या असं नाही, आधारभूत वर्षापेक्षा २५ टक्के वाढल्या. तसंच निर्देशांक १२५ वरून १५० झाला तर वाढ २५ अंकांची, पण २० टक्क्यांची.

राष्ट्रीय उत्पन्नात तीन पद्धती पाठ करण्याआधी दुहेरी गणना एकदा आकड्यांत करून बघा. शेतकऱ्याने कापूस ४०० ला विकला, गिरणीने त्याचं सूत करून ६०० ला, विणणाऱ्याने कापड ९०० ला, कारखान्याने शर्ट १,४०० ला. सगळ्या विक्रीची बेरीज ३,३००, पण अर्थव्यवस्थेत तयार झालं ते १,४०० चंच. मूल्यवर्धित पद्धतीने ४०० + २०० + ३०० + ५०० घेतलं तरी १,४०० च येतं. अंतिम वस्तू पद्धत आणि मूल्यवर्धित पद्धत एकाच ठिकाणी का पोहोचतात ते इथे दिसतं.

मग 'काय धरायचं, काय सोडायचं' याची वही करा. जुनी मोटारसायकल विकली: धरायची नाही, ती बनली त्या वर्षी मोजून झाली आहे. ती विकून देणाऱ्या दलालाचं कमिशन: धरायचं, ही या वर्षीची सेवा आहे. शेअर खरेदी: नाही, पण त्यावरची दलाली धरायची. बेकार भत्ता, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती: हस्तांतरित देणी (मोबदल्यात काही न घेता दिलेले पैसे), धरायची नाहीत. गृहिणीचं घरातलं काम: धरत नाहीत, आणि हीच या मोजणीवरची सर्वांत रास्त टीका आहे. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी: तत्त्वतः धरायची, अडचण तिचं मूल्य लावण्याची. आखातात स्थायिक झालेल्या मुलाने गावी पाठवलेले पैसे अनेक जण 'परदेशातून मिळालेलं निव्वळ घटक उत्पन्न' म्हणून लिहितात. तो तिथला रहिवासी असेल तर ती रक्कम हस्तांतरण आहे, घटक उत्पन्न (श्रम, भांडवल यांचा मोबदला) नाही. स्थूल आणि निव्वळ यांत घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) असतो, देशांतर्गत आणि राष्ट्रीय यांत परदेशातलं निव्वळ घटक उत्पन्न. या दोनच पायऱ्यांनी स्थूल देशांतर्गत, निव्वळ देशांतर्गत, स्थूल राष्ट्रीय आणि निव्वळ राष्ट्रीय उत्पादन या चारही संकल्पना एकीकडून दुसरीकडे नेता येतात.

सार्वजनिक वित्ताला १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाच्या बातम्या वाचा, महसुली आणि भांडवली हा भेद पुस्तकापेक्षा तिथे लवकर बसतो. राजकोषीय तूट म्हणजे सरकारला त्या वर्षी घ्यावं लागणारं कर्ज, हे धरून सूत्र बांधा. वस्तू व सेवा कर (१ जुलै २०१७ पासून) दुकानदार भरतो म्हणून तो प्रत्यक्ष कर ठरत नाही. कराघात (कर भरण्याची जबाबदारी) दुकानदारावर आणि करभार (कराचं खरं ओझं) गिऱ्हाइकावर, म्हणून तो अप्रत्यक्ष. नाणे बाजार अल्प मुदतीचा, साधारण एका वर्षापर्यंतचा, आणि भांडवल बाजार मध्यम व दीर्घ मुदतीचा. रिझर्व्ह बँक १९३५ ची, तिचं राष्ट्रीयीकरण १९४९ चं. सेबी (भांडवल बाजारावर नियंत्रण ठेवणारी संस्था) १९८८ ची, वैधानिक दर्जा १९९२ चा. या सनावळ्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत उपयोगी पडतात, बाकी ठिकाणी त्यांना महत्त्व नाही.

अकरावीत असाल तर एक प्रकरण आत्ताच पक्कं करा: विभाजन मूल्ये (माहितीचे सारखे भाग पाडणारे आकडे). चतुर्थक, दशमक, शतमक काढताना माहिती आधी चढत्या क्रमाने लावायची. क्रम न लावता सूत्र घातलं की उत्तर दिसायला बरोबर आणि प्रत्यक्षात चूक येतं.

पेपराचा आराखडा ८० लेखी आणि २० अंतर्गत गुणांचा, वेळ ३ तास. वस्तुनिष्ठ २०, संकल्पना ओळखा व फरक १२, उत्तरे लिहा १२, सहमत-असहमत १२, तक्ता-आकृती-उतारा ८, सविस्तर १६. आपल्या वर्षीचा आराखडा शिक्षकांकडून एकदा तपासून घ्या. 'संकल्पना ओळखा'मध्ये नुसतं नाव लिहून थांबू नका, दोन ओळींचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. सहमत-असहमतमध्ये 'होय, मी सहमत आहे' या वाक्याला एकट्याला फारशी किंमत नाही, गुण कारणांना असतात. 'सीमांत उपयोगिता शून्य असताना एकूण उपयोगिता महत्तम असते' या विधानाला पहिल्या ओळीत बाजू, दुसरीत दोन्ही संकल्पनांचा अर्थ, मग तीन-चार ओळींचा तक्ता आणि शेवटी तक्त्यातल्या नेमक्या नगाकडे बोट, एवढं पुरतं. पानभर लिहिण्याची गरज नाही.

सविस्तर उत्तरात क्रम ठरवून ठेवा: सिद्धांताचं विधान, त्यातली 'इतर परिस्थिती स्थिर' ही अट, तक्ता, आकृती, आकृतीचं शब्दांत स्पष्टीकरण, गृहीतके, मग विचारले असतील तर अपवाद. तक्ता आणि आकृतीतले आकडे एकच असू द्या. तक्त्यात पाच किमती आणि आकृतीत भलतेच तीन बिंदू असले की उत्तर न समजता लिहिल्याचं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. गाइडमधली तयार उत्तरं वापरायची असतील तर आकडे बदलून तक्ता आणि आकृती स्वतः काढा. बदललेल्या आकड्यांवर आकृती पाच मिनिटांत जमत नसेल तर ते प्रकरण अजून झालेलं नाही, पुन्हा तक्त्यापासून सुरू करा.